श्रूजबरीचं शेवटचं बिस्किट

इथे अमेरिकेत हिवाळ्याआधी सरकारी नियमाने घड्याळं एक तास मागे घेतली, की त्या आठवड्यात कधीतरी आमच्या पोर्चवर चपला वाजतात. तो पाचोळा असतो, हे मला कळतं. वाळलेली पानं वाऱ्याबरोबर लाकडी फळ्यांवरून घसटत येतात, दारापाशी थांबतात आणि जरा वेळाने पुन्हा दोन पावलं सरकतात. पण माझे वडील, अण्णा, गुडघ्यामुळे डावा पाय ओढत चालायचे, आणि हा पाचोळाही तसाच चालतो. एक पाऊल, मग एक घसटा. याला चाळीसेक वर्षं झाली. मधे आम्ही गावातल्या गावात घर बदललं. पहिल्या घरापुढे मेपल होता, इथे ओक आहे. झाड बदललं तरी चाल बदलली नाही आणि वेळही नाही. दुपारी साडेचार, उजेड जाता जाता. माझा नवरा श्री म्हणतो, "लीफ ब्लोअर लावतो ना मी, पाच मिनिटांचं काम आहे." त्याच्याकडे कशावरही यंत्राचंच उत्तर असतं. मी दरवर्षी म्हणते, राहू दे, उद्या बघू.

हे सगळं एका बिस्किटापायी झालं. हसू येणार असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे संधी कमी आहे.

ऐंशीच्या दशकात, लग्नानंतर वर्षभराने, श्रीला मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी नावाच्या गावाजवळ नोकरी लागली. पुण्यात आमच्या घरी हे नाव कळलं तेव्हा अण्णा खुर्चीतून उठलेच. "सुमे, बिस्किटांच्या गावाला चाललीस की!" पुण्याच्या माणसाला श्रूजबरी म्हणजे गाव आहे हे ठाऊकच नसतं. श्रूजबरी म्हणजे कॅम्पातल्या बेकरीतला तो पुठ्ठ्याचा खोका, तळाशी लोण्याचे डाग आणि घरभर वास. अण्णा शाळेत इंग्रजी शिकवायचे. दर शनिवारी शाळा सुटली की सायकल दामटत कॅम्पात जायचे आणि खोका हँडलला बांधून आणायचे. मी निघाले तेव्हा त्यांनी मला गृहपाठ दिला, तिथली मूळ बिस्किटं कशी असतात ते बघून सविस्तर कळव.

पहिल्याच आठवड्यात मी दुकानात जाऊन श्रूजबरी बिस्किटं मागितली. काउंटरवरच्या मुलीने मला फ्रीजमधून एक पुठ्ठ्याची नळी काढून दिली. घरी आणून वरचा कागद ओढला तर ती फटाक्यासारखी फुटली आणि आतून कच्ची कणीक बाहेर आली. इथे बिस्किट म्हणजे घरी भाजायचा मऊ पाव. हे मी एरोग्रामवर लिहून कळवलं. अण्णांचं उलट टपाली उत्तर आलं, 'तू चुकीच्या श्रूजबरीला पोचली आहेस. खरं गाव इंग्लंडात, श्रॉपशायर परगण्यात आहे. नकाशात पाहिलं. असो, आता गेलीच आहेस तर राहा.'

मला नोकरी करायची परवानगी नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. श्री सकाळी गेला की सबंध रस्त्यावर मी आणि खारी. चालत जाता येईल अशी एकच जागा, गावातली लायब्ररी. तिथे मिस प्रॉथरो भेटल्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग घेऊन एका जुन्या पुस्तकाशी झटापट चालली होती. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "तुला वाचता येतं का?" मला जरा रागच आला. मी समोर बसले आणि अर्धं पान खणखणीत वाचून दाखवलं. अण्णांनी घडवलेलं इंग्रजी ते, प्रत्येक अक्षराला न्याय देणारं. त्या म्हणाल्या, "माझे आजोबा असंच बोलायचे. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी ये."

त्यांचे आजोबा श्रॉपशायरहून अमेरिकेत आले होते. बरोबर एक लंबकाचं घड्याळ आणि एक ट्रंकभर पुस्तकं. सगळी त्या एका परगण्याचीच. चर्चच्या नोंदी, डोंगरांची वर्णनं, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या चालीरीती. मिस प्रॉथरोंनी इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खोलीत बसून पुण्याची बाई त्यांना त्यांचं गाव वाचून दाखवत होती, आणि त्या डोळे मिटून गल्ल्यागल्ल्यांतून हिंडत होत्या. मी 'श्रॉपशायर' म्हटलं की त्या म्हणत, "श्रॉपशर. शेपूट गिळून टाक."

चामड्याच्या बांधणीला एक ओलसर, आंबूस वास यायचा. पान उलटलं की बोटांना तांबूस भुकटी लागायची. आणि आत काय काय होतं! एका डोंगरमाथ्यावर सैतानाची खुर्ची होती. धुकं उतरलं की तो येऊन बसलाय असं समजायचं आणि दारं लावून घ्यायची. एका तळ्यात गाव बुडालं होतं, वारा पडला की त्याच्या चर्चची घंटा पाण्याखालून ऐकू यायची. शिशाच्या खाणीत एक जुना सरदार बायकोसकट कोंडलेला होता, तो आतून ठोकायचा. घरात कुणी गेलं की परसात जाऊन मधमाश्यांना ते सांगावं लागे, नाहीतर त्या रुसून निघून जात. नोव्हेंबर लागला की पोरं दारोदार गाणी म्हणत पितरांच्या नावाचे केक मागत फिरायची. हे वाचताना मला आमचा पितृपक्ष आठवला. गच्चीच्या कठड्यावर ठेवलेला नैवेद्य आणि कावळ्याला घातलेल्या हाका आठवल्या. मिस प्रॉथरोंना मी पिंडाला कावळा शिवण्याचं सांगितलं. त्यांनी मिटलेले डोळे उघडले. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही त्यांना खायला घालावं लागतं."

दसऱ्याच्या सुमारास विनूचं, माझ्या धाकट्या भावाचं, पत्र आलं. अण्णांच्या छातीत दुखून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती. मला तेव्हाच निघायचं होतं. पण आमच्या ग्रीन कार्डाचे कागद अर्ध्यावर होते. वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर गेलीस तर परत येता येईलच असं सांगता येत नाही. श्री म्हणाला, "तू ठरव. तू म्हणशील ते." असं म्हटलं की ठरवणाऱ्यावर सगळं येऊन पडतं, हे त्याला कळलं नाही. मी ठरवत राहिले. आज ठरवू, पुढच्या पत्रानंतर ठरवू. पानं पिवळी झाली, लाल झाली, गळायला लागली, आणि माझं ठरत होतं.

त्या देशातला माझा तो पहिला फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू. ऑक्टोबरच्या अखेरीस एका रविवारी श्रीने घरातली घड्याळं मागे घेतली आणि मला वाटलं, गंमतच करतोय. दुसऱ्या दिवसापासून दुपारची एकदम संध्याकाळ व्हायला लागली. मिस प्रॉथरोंकडे वाचता वाचता खिडकीतून अंधार यायचा, त्यांना तो दिसायचा नाही आणि दिवा लावायचं सुचायचं नाही. मला मात्र तिन्हीसांजेला वाचणं नको वाटायला लागलं. आमच्याकडे त्या वेळेला अभद्र काही बोलत नाहीत. वास्तुपुरुष घरातच असतो, कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणतो. लहानपणी संध्याकाळी मी चुकून 'मेले मी दमून' म्हटलं, तरी आई दिव्याची वात सोडून धावत यायची.

त्या गुरुवारी नेमकं मरणाचं प्रकरण निघालं. मी म्हटलं, "हे सोमवारी वाचू या का? उजेडात?" त्या हसल्या. "पुस्तक आहे ते, बाळ. वाच." मी वाचलं. श्रॉपशायरात कुणी गेलं, की त्या घरून नातेवाइकांना बिस्किटं वाटायचे. जे लांब असत, ज्यांना मातीला येता येत नसे, त्यांच्यासाठी ती पांढऱ्या कागदात बांधायची, काळ्या लाखेने मोहोर करायची आणि त्या बाजूला जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवायची. माझा आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटायला लागला. पान संपलं तेव्हा लंबकाच्या घड्याळात साडेपाच वाजले होते. मी पुस्तक मिटलं आणि मनातल्या मनात म्हटलं, अण्णांना काही होऊ देऊ नकोस. पण म्हटलं ते मनात, आणि वाचलं होतं मोठ्याने.

घरी आले तर पायऱ्यांवर मंदार बसलेला. हा शेजारच्या वूस्टर शहरात पीएचडी करणारा मुलगा, आमच्याकडे अधूनमधून जेवायला यायचा. बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला जाऊन परवाच परतला होता. "वहिनी, तुमचं पार्सल. अण्णांनी स्वतः दिलंय हां. कस्टमवाल्याने फोडायला घेतलं होतं, यार, मी म्हटलं, प्लीज, ओल्ड मॅन्स कुकीज, तर सोडलं त्याने." त्याने पिशवीतून एक चौकोनी पुडकं काढलं. पांढरा कागद होता. वर दोरा, आणि गाठीवर काळी मोहोर.

मी पायरीवरच बसले. मंदारला वाटलं, आनंदाने बसले.

यात चमत्कार काही नव्हता, हे मी त्याच वेळी स्वतःला समजावलं. अण्णांनी आयुष्यभर परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे सील केले. त्यांना पार्सल म्हटलं की लाख लागायचीच. ती तांबडी असायची, पण ते मेणबत्तीवर इतका वेळ धरायचे की जळून काळी व्हायची, आणि आई दर वेळी ओरडायची. पांढरा कागद शाळेतल्या ड्रॉइंगचा. सगळं ओळखीचं होतं. आत पत्र्याच्या डब्यात बारा बिस्किटं आणि एक चिठ्ठी. 'मूळ गावच्या मालाशी पडताळून पाहणे. आणि तू येऊ नकोस, कागदपत्रांचं आधी उरक. मी कुठे जातोय!'

दुसऱ्या दिवशी सकाळी विनूचा फोन आला. "ताई, अण्णा गेले. पहाटे तीनला. झोपेतच." आवाज समुद्राखालून आल्यासारखा, माझाच हुंदका मला दोनदा ऐकू येत होता. "सगळं उरकलं आम्ही दुपारी. तुला थांबणं शक्यच नव्हतं ना." तो मला दोष देत नव्हता, सोपं करून देत होता. तेच जास्त लागलं.

फोन ठेवल्यावर मी रडायच्या आधी हिशेब केला. असं का केलं मला माहीत नाही. तिकडे पहाटेचे तीन म्हणजे इकडे आदल्या दुपारचे साडेचार. मी ते पान संपवलं साडेपाचला. म्हणजे मी मोठ्याने वाचलं त्याच्या तासभर आधीच अण्णा गेले होते. माझ्या वाचण्याने काही झालं नव्हतं. इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. सोमवारी मी हे मिस प्रॉथरोंना सांगितलं, घड्याळाकडे बोट दाखवून. त्यांनी माझा हात शोधून हातात घेतला आणि म्हणाल्या, "ते घड्याळ मी मागे घेत नाही गं. आजोबांचं आहे. सरकारची वेळ त्याला लागू नाही."

म्हणजे मी ते पान संपवलं तेव्हाही साडेचारच.

आज मी हे शांतपणे लिहू शकते. तेव्हा मी उठून घरी गेले आणि दोन दिवस मला धड बोलता आलं नाही. सबंध जगात त्या क्षणी अण्णांच्या बाबतीत काय बोललं जात होतं? डॉक्टर त्यांच्या घरी, आमचं घर झोपलेलं. बोलत होते ती फक्त मी, आणि काय बोलत होते! श्री म्हणाला, "को-इन्सिडन्स आहे, सुमा. स्टॅटिस्टिकली असं होतंच." त्याने मला जवळ घेतलं होतं, म्हणून ते मी ऐकून घेतलं.

गुरुवारी मी डबा घेऊन मिस प्रॉथरोंकडे गेले. तो मला घरात एकटीने उघडवत नव्हता. त्यांनी एक बिस्किट बोटांनी चाचपलं, हुंगलं, आणि खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आजोबांच्या बिस्किटात शहाजिरं असायचं. यात नाही. पण बाकी सगळं आहे." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "नीट ऐक. हे पुस्तकात नाही, आजोबा सांगायचे. ही बिस्किटं संपवायची असतात, शेवटच्या कणापर्यंत. एक जरी मागे ठेवलं, तर गेलेल्याला दारात उभं राहावं लागतं." म्हणून मी खाल्लं. श्रीने खाल्लं, मंदारने दोन खाल्ली. लोण्याचा तोच वास, तीच कुरकुर.

दहाव्या दिवशी पुन्हा विनूचा फोन. "ताई, कावळा शिवला नाही गं. दोन तास थांबलो. आईला सांभाळू म्हटलं, तुझ्या कागदांचं होईल म्हटलं, सगळं सगळं बोलून पाहिलं. झाडावर बसलेले होते, पण एक खाली उतरेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा करून शिववला." मला माहीत होतं अण्णांचं काय राहिलं होतं. ते म्हणाले, येऊ नकोस. त्यांनी तसं म्हणायचं आणि मी ते न ऐकता जायचं, असं असतं ते. आमच्यात पाहुणासुद्धा 'नको' म्हणाला की ताटात वाढतात.

रोज थोडी खात डब्यात एकच बिस्किट उरलं होतं. त्या दुपारी मी ते बशीत घेऊन पोर्चच्या कठड्यावर ठेवलं, दक्षिणेकडे तोंड केलं आणि हाक मारली. कावकाव मला कधीच नीट जमली नाही. शेजारच्या घराचा पडदा हलला. अमेरिकेत कावळे आहेत, चांगले धष्टपुष्ट, पण एक येईल तर शपथ. आला तो एक निळा पक्षी. तुरेवाला, पांढऱ्या पोटाचा, कर्कश. कठड्यावर उतरला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि थेट बशीकडे निघाला. मी ओरडले, "हाड!" तो उडाला, परत आला. "हाड म्हटलं ना! तुझं नाही ते!" तिसऱ्यांदा आला तेव्हा मी चप्पल उगारली. तो मेपलवर बसून किती तरी वेळ ओरडत राहिला, मग गेला. अंधार पडेपर्यंत मी उभी होते. कावळा आला नाही. बिस्किट दवाने ओलं झालं. टाकायचं तरी कसं आणि खायचं तरी कसं? मी ते पुसून डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि वळले, तेव्हा पायऱ्यांवर पहिल्यांदा वाजलं. एक पाऊल, मग एक घसटा.

तो डबा मी टाकला नाही. घर बदललं तेव्हा तो माझ्या मांडीवर आला. दोन वर्षांनी मिस प्रॉथरो गेल्या. कुणी लांबचा पुतण्या आला, पुस्तकं खोक्यांत भरून घेऊन गेला. तो परगणा मी परत कुठे वाचला नाही. कागद झाल्यावर मी पुण्याला गेले, आईला भेटले, अण्णांच्या खुर्चीत बसले. तिथे मला काहीच जाणवलं नाही. अण्णा तिथे नव्हतेच. ते इकडे होते, माझ्या दारात, थंडीत. दरवर्षी त्या आठवड्यात मी आतून कडी लावून साडेचार वाजायची वाट बघत बसायचे. मला भीती वाटायची. सख्ख्या बापाची भीती.

गेल्या शनिवारी रेवा आली होती. आमची मुलगी. जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात काम करते, तिचं मराठी पाहुण्यासारखं येतं आणि लगेच जातं. खिडकीशी कॉफी घेऊन उभी होती. म्हणाली, "आई, लुक, ब्लू जे! सो प्रिटी, पण एकदम बुली असतात हे. कॉर्व्हिड्स ना."

"म्हणजे काय?"

"क्रो फॅमिली. दे आर कझिन्स, बेसिकली. कावळाच, पण फॅन्सी ड्रेसमध्ये."

माझ्या हातातून पोळी खाली पडली. रेवाने "आर यू ओके?" असं तीनदा विचारलं. मला तिला सांगता येईना, की तुझे आजोबा आले होते गं. तीन वेळा आले, परक्या देशात मिळेल तो वेश घेऊन आले, आणि मी त्यांच्यावर चप्पल उगारली.

दुपारी मी कपाटाच्या मागून डबा काढला. बिस्किट काळपट पडलं होतं आणि हातात खड्यासारखं लागत होतं. वास मात्र होता, किंवा मला आला. रेवाला वाटलं, आई जुनं काहीतरी पक्ष्यांना घालतेय. "नॉट ग्रेट फॉर देम, आई, पण एक टुकडा ठीक आहे." मी ते कठड्यावर आपटून दोन तुकडे केले. एक कठड्यावर ठेवला आणि दार सताड उघडं टाकून म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. या." तो निळा आला. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, तुकडा उचलला आणि ओकवरून पलीकडे निघून गेला. ओरडलासुद्धा नाही.

साडेचार वाजले. वारा होता, पानं उडत होती. पोर्चवर काहीच वाजलं नाही. पाच वाजले, अंधार झाला, श्रीने येऊन दिवा लावला, तरी नाही. चाळीस वर्षं जे ऐकून माझ्या छातीत धस्स व्हायचं, ते ऐकू येत नाही म्हणून मी उघड्या दारात कानांत प्राण आणून उभी होते. इतकं रिकामं मला विनूच्या फोननंतरही वाटलं नव्हतं.

"तो दुसरा पीस टाकू?" रेवाने विचारलं.

"नको," मी म्हटलं. उरलेला अर्धा तुकडा मी डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.